‘वेगळा’ म्हणजे किती वेगळा? दोन शब्दांच्या एका पेटंट अपिलाचं वाचन

कुणीतरी तुम्हाला मेसेज पाठवतं. त्यात एक फोन नंबर असतो. फोन तो नंबर आपणहून ओळखतो, अधोरेखित करतो, आणि त्यावर बोट टेकवलं की विचारतो : कॉल करू, मेसेज करू की नंबर सेव्ह करू? आपण याकडे लक्षसुद्धा देत नाही. पण एवढ्याशा सोयीवर अ‍ॅपलचं एक पेटंट होतं, अमेरिकन पेटंट क्रमांक ५,९४६,६४७. अर्ज १ फेब्रुवारी १९९६ चा, मंजुरी ३१ ऑगस्ट १९९९ ची. म्हणजे आयफोनच्या कितीतरी आधीचं, टेबलावरच्या मॅकिंटॉशच्या जमान्यातलं हे पेटंट. पुढे स्मार्टफोन आले, अँड्रॉइड आलं, आणि अ‍ॅपलने हेच जुनं हत्यार बाहेर काढलं. आधी एचटीसीविरुद्ध, मग मोटोरोलाविरुद्ध, मग सॅमसंगविरुद्ध.

आज मला या पेटंटमधल्या फक्त दोन शब्दांबद्दल बोलायचंय : ‘अ‍ॅनालायझर सर्व्हर’. या दोन शब्दांवर ९ कोटी ८६ लाख ९० हजार ६२५ डॉलर अवलंबून होते. ते एकदा मिळाले, एकदा गेले आणि पुन्हा मिळाले.

पेटंट कायद्यात संशोधन करू पाहणारे विद्यार्थी निकाल वाचताना एक गोष्ट हमखास करतात. न्यायालयाने शब्दाची जी व्याख्या दिली ती उचलायची, आपल्या प्रकरणात चिकटवायची, ‘न्यायालयाने असा अर्थ लावला’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. माझं म्हणणं असं आहे की व्याख्या मिळाली म्हणजे वाद संपला असं बहुतेक वेळा होत नाही. वाद तिथून उठतो आणि व्याख्येतल्याच एखाद्या साध्यासुध्या शब्दात जाऊन बसतो. या खटल्यात तो ‘सेपरेट’ म्हणजे ‘वेगळा’ या शब्दात जाऊन बसला. आणि अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्याला तिथेच बसू दिलं. ते मला पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते सांगतो.

आधी थोडी पूर्वतयारी. पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात. मराठीत याला ‘दावा’ म्हणायची पद्धत आहे, पण आपल्याकडे कोर्टात घालतात तोही दावाच. त्यामुळे दाव्यात दाव्याचा अर्थ लावायचा असा गोंधळ होतो, म्हणून मी इथे क्लेमच म्हणेन. जमिनीच्या सातबाऱ्याला जशी चतु:सीमा, तसा पेटंटला क्लेम. आत कोण घुसलं, बाहेर कोण राहिलं, हे त्यावरून ठरतं. फरक इतकाच की इथे बांध शब्दांचा असतो आणि शब्द सरकतात.

हा बांध कुठे आहे हे ठरवणार कोण? अमेरिकेत पेटंटचे खटले ज्युरीसमोर चालतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे फार मोठा आहे. १९९६ च्या मार्कमन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की क्लेममधल्या शब्दाचा अर्थ न्यायाधीश लावणार, ज्युरी नाही. (तिथला शब्द होता ‘इन्व्हेंटरी’, आणि खटला लाँड्रीतल्या कपड्यांचा हिशेब ठेवण्याच्या यंत्रणेचा. पेटंट कायद्याचे मोठे सिद्धांत अशाच घरगुती वस्तूंमधून निघालेत.) अर्थ ठरला की मग त्या अर्थात समोरच्याचं उत्पादन बसतं का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो ज्युरीचा. म्हणजे कामाची वाटणी झाली : अर्थ न्यायाधीशाकडे, लागू करणं ज्युरीकडे.

ही वाटणी अपिलात फार महत्त्वाची ठरते, हे नीट लक्षात घ्या. न्यायाधीशाने लावलेला अर्थ वरचं न्यायालय जवळजवळ नव्याने तपासू शकतं. २०१५ च्या तेवा निकालानंतर त्यात थोडी मुरड पडली : अर्थ लावताना पेटंटबाहेरच्या पुराव्यावरून काही वस्तुस्थिती ठरवली असेल, तर तेवढ्या भागाला वरच्या न्यायालयाने मान द्यायचा. पण ज्युरीने ठरवलेलं मात्र सहजी हलवता येत नाही. एखाद्या समंजस ज्युरीला तसं वाटण्याइतका पुरावा रेकॉर्डवर असला की बास, अपील न्यायालयाला स्वतःला काय वाटतं याला किंमत नाही. म्हणून एखादा मुद्दा ‘अर्थाचा’ की ‘वस्तुस्थितीचा’ हे ठरलं, की बऱ्याचदा कोण जिंकणार हेही ठरून जातं.

आता क्लेम १ कडे येऊ. माझ्या शब्दांत सांगायचं तर त्यात अशी संगणक-प्रणाली आहे : माहिती आत घेणारं साधन, ती दाखवणारं साधन, एक प्रोसेसर, आणि मेमरीत साठवलेले काही प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅममध्ये तीन गोष्टी हव्यात. एक, ‘अ‍ॅनालायझर सर्व्हर’, जो माहितीतल्या रचना (फोन नंबर, ईमेल पत्ता, तारीख) ओळखेल आणि त्यांच्याशी कृती जोडेल. दोन, वापरणाऱ्याला निवड करू देणारा इंटरफेस. तीन, निवडलेली कृती पार पाडणारा भाग. दोन आणि तीनवर आपल्याला वेळ घालवायचा नाही. भांडण पहिल्याचं.

‘अ‍ॅनालायझर’ शब्दाला कुणाचा आक्षेप नव्हता. ‘सर्व्हर’चं काय? १९९६ साली सर्व्हर म्हटलं की त्या क्षेत्रातल्या माणसाच्या डोक्यात लगेच क्लायंट येणार. एक मागतो, दुसरा देतो. दोघे दोन. पेटंटच्या स्पेसिफिकेशनमधल्या आकृतीतही अ‍ॅनालायझर सर्व्हरची चौकट अ‍ॅप्लिकेशनच्या चौकटीपासून निराळी काढलेली आहे.

मोटोरोलाचा खटला शिकागोत रिचर्ड पॉस्नर यांच्यासमोर चालला. पॉस्नर हे मुळात सेव्हन्थ सर्किटच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश, पण हौसेने खालच्या न्यायालयात येऊन खटला चालवत होते. त्यांनी अर्थ लावला तो साधारण असा : क्लायंटपासून वेगळं असलेलं, आणि क्लायंटकडून रचना असलेली माहिती घेणारं सर्व्हर-रूटीन. जून २०१२ मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना नुकसानभरपाई सिद्ध करता येत नाही म्हणून खटलाच निकालात काढला. अ‍ॅपल अपिलात गेली. पेटंटची अपिलं देशभरातून एकाच न्यायालयात जातात, वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किटमध्ये. तिथे अ‍ॅपलचं म्हणणं होतं की ‘क्लायंटपासून वेगळं’ ही अट पॉस्नर यांनी बाहेरून आणून घातली, क्लेममध्ये ती नाही. २५ एप्रिल २०१४ रोजी फेडरल सर्किटने पॉस्नर यांचे इतर बरेच निष्कर्ष उलटवले, पण हा अर्थ मात्र कायम ठेवला. कारण दिलं ते दुहेरी : ‘सर्व्हर’ या शब्दाच्या साध्या अर्थातच क्लायंट-सर्व्हर नातं आहे, आणि स्पेसिफिकेशनही तो वेगळाच दाखवतं.

इथे जरा थांबा आणि ती व्याख्या पुन्हा वाचा. सर्व्हर म्हणजे काय, तर क्लायंटपासून वेगळं ‘सर्व्हर-रूटीन’. ज्या शब्दावरून भांडण तोच शब्द व्याख्येत परत आला! वर ‘वेगळं’ ही भर पडली. शाळेत ‘लोहचुंबक म्हणजे काय’ला ‘लोहचुंबकाचे गुणधर्म असलेली वस्तू’ असं उत्तर लिहिलं असतं तर बाई काय म्हणाल्या असत्या? मोटोरोला निकालात हे खपून गेलं, कारण ‘किती वेगळं’ हा प्रश्न तिथे टोकाला गेलाच नव्हता. वेगळेपणाची अट आहे की नाही, एवढाच मुद्दा होता.

आता गंमत बघा. २५ एप्रिल २०१४ हा शुक्रवार. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात सॅन होजेला न्यायाधीश ल्युसी को यांच्यासमोर अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग हा खटला साक्षीपुराव्याच्या शेवटाला आला होता. पेटंट तेच, ६४७. अ‍ॅपलने सगळ्या पेटंटचे मिळून सुमारे २.२ अब्ज डॉलर मागितले होते. आणि तोवर दोन्ही बाजू ‘अ‍ॅनालायझर सर्व्हर’चा ‘साधा अर्थ’ धरून चालल्या होत्या, न्यायालयाने वेगळी व्याख्या केलेली नव्हती. महिनाभर चाललेला खटला, साक्षी संपत आलेल्या, आणि वरून व्याख्या येऊन पडते. को यांनी ती स्वीकारली आणि दोन्ही बाजूंना आपापले तज्ज्ञ पुन्हा साक्षीला बोलावू दिले. सोमवारी, २८ तारखेला, ते आले. म्हणजे नव्या व्याख्येवरचा दोन्ही बाजूंचा तांत्रिक पुरावा एका शनिवार-रविवारात तयार झाला.

तज्ज्ञ नेमके कशावर भांडले ते समजायला थोडं सॉफ्टवेअर लागेल. सॅमसंगच्या फोनमधलं ब्राउझर आणि मेसेंजर ही अ‍ॅप नंबर ओळखण्याचं काम स्वतःच्या कोडने करत नव्हती. ते कोड होतं ‘शेअर्ड लायब्ररी’त. ही लायब्ररी म्हणजे अनेक अ‍ॅपनी मिळून वापरायचं कोड. ते मेमरीत एका जागी असतं, प्रत्येक अ‍ॅपमध्ये त्याची प्रत चिकटवलेली नसते. पण चालताना? अ‍ॅप त्या कोडला हाक मारतं आणि ते कोड त्या अ‍ॅपच्याच कामाचा भाग म्हणून चालतं.

चाळीतलं उदाहरण घेऊ. एका चाळीत खानावळ आहे. तुम्ही डबा आणि फर्माईश पाठवता, स्वयंपाक तिथे होतो, भरलेला डबा परत येतो. हा झाला सर्व्हर. आता दुसरं चित्र. जिन्याखाली एका कोनाड्यात पाककृतींची एक वही ठेवलेली आहे, सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एकच. ज्याला लागेल तो तिथे जातो, वाचतो आणि स्वयंपाक आपल्या चुलीवर करतो. ही झाली शेअर्ड लायब्ररी. आता सांगा, वही तुमच्या घरापासून ‘वेगळी’ आहे का? जागेच्या दृष्टीने पाहिलं तर आहे, ती कोनाड्यात आहे. लिहिली कुणी असं विचारलं तरी वेगळीच, तुम्ही नाही लिहिली. पण स्वयंपाक कुठे झाला असं विचारलं, तर वेगळं काहीच नाही. तुमचीच चूल, तुमचाच गॅस.

अ‍ॅपलचे तज्ज्ञ, कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टॉड माउरी, वहीच्या जागेवर बोट ठेवून बोलत होते : कोड एका जागी आहे, अ‍ॅप तिथे जातं, कोडची प्रत अ‍ॅपमध्ये होत नाही, म्हणून वेगळं. सॅमसंगचे तज्ज्ञ, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे केव्हिन जेफे, चुलीवर बोट ठेवून : चालताना ते अ‍ॅपचाच भाग होतं, म्हणून वेगळं नाही.

ज्युरीने माउरींचं ऐकलं. मे २०१४ मध्ये अ‍ॅपलला एकूण ११ कोटी ९६ लाख २५ हजार डॉलर मिळाले, त्यातला सिंहाचा वाटा, वर सांगितलेले ९ कोटी ८६ लाख, या एका पेटंटचा. आणि हे अ‍ॅपलला मिळालं ते कोणत्या व्याख्येखाली? जिच्याविरुद्ध तिने अपील केलं होतं आणि ती हरली होती, त्याच व्याख्येखाली. शुक्रवारी हरलेला शब्द सोमवारी तिच्या उपयोगी आला. पक्षकार शब्दांशी निष्ठा ठेवत नाहीत, हे निकाल वाचताना कायम डोक्यात असू द्या.

सॅमसंग अपिलात गेली. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी फेडरल सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने (निकाल डाइक यांचा, सोबत प्रोस्ट आणि रेना) ६४७ वरचा ज्युरीचा निर्णय उलटवला. त्यांच्या मते मोटोरोला निकालातलं वेगळेपण म्हणजे क्लायंटपासून वेगळं चालणं. कोड मेमरीत दुसरीकडे साठवलेलं आहे एवढ्याने भागत नाही. खानावळ हवी, वही चालणार नाही. (बाकीच्या दोन पेटंटवरही हे पीठ सॅमसंगच्या बाजूने गेलं, ‘स्लाइड टू अनलॉक’ आणि ऑटोकरेक्टची ती पेटंटं. त्यांचा वाद शोध सहज सुचण्याजोगा होता का याचा होता, तो निराळा विषय.)

मग ७ ऑक्टोबर २०१६. पूर्णपीठाने पीठाचा निकाल रद्द केला आणि ज्युरीची रक्कम परत जागेवर ठेवली. निकाल मूर यांनी लिहिला. ज्या तिघांनी आधीचा निकाल दिला होता तेच तिघे असहमत राहिले, तिघांनीही आपापलं स्वतंत्र मत लिहिलं. पूर्णपीठाचा युक्तिवाद थोडक्यात असा. व्याख्या दोन्ही बाजूंनी मान्य केलेली होती, तिच्याविरुद्ध अपील नव्हतं. अपील न्यायालयाने पक्षकारांनी आणलेले मुद्देच ठरवायचे असतात, आणि तेही खालच्या रेकॉर्डवरूनच. पीठाने मात्र रेकॉर्डबाहेरचा तांत्रिक मजकूर वापरून मान्य व्याख्येत भर घातली. आणि त्या व्याख्येखाली ज्युरीसमोर माउरींची साक्ष होती. पुरेसा पुरावा. विषय संपला.

आता माझी टीका. यातला पहिला अर्धा भाग मला बरोबर वाटतो, दुसरा वाटत नाही.

रेकॉर्डबाहेर जाऊ नये, हे खरंच आहे. अपिलातल्या न्यायाधीशाने स्वतः शोधून काढलेल्या मजकुराला उत्तर द्यायची संधी पक्षकाराला कधी मिळणार? उलटतपासणी होत नाही, प्रतिवाद होत नाही. (अर्थात याच पूर्णपीठाने हा निकाल नवे लेखी युक्तिवाद न मागवता आणि तोंडी सुनावणी न घेता दिला, आणि असहमत न्यायाधीशांनी त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. पक्षकारांना ऐकून घ्यायला हवं असा धडा द्यायचा आणि तो देताना पक्षकारांना ऐकायचं नाही, हे जरा विनोदीच.)

पण दुसरा भाग : ‘माउरींची साक्ष होती, म्हणजे वस्तुस्थितीचा पुरावा होता.’ कोणत्या वस्तुस्थितीचा? दोन्ही तज्ज्ञांच्या साक्षी शेजारी ठेवल्या तर फोनमध्ये प्रत्यक्ष काय घडतं यावर त्यांचा मोठा मतभेद दिसत नाही. कोड कुठे असतं, अ‍ॅप त्याला कसं हाक मारतं, ते कसं चालतं, हे चित्र जवळपास सारखंच आहे. मतभेद आहे तो याला ‘वेगळं’ म्हणायचं का, यावर. वही कोनाड्यात आहे आणि स्वयंपाक घरात होतो, हे दोघांना मान्य. मग उरलेलं भांडण वस्तुस्थितीचं कसं? ते शब्दाच्या व्याप्तीचं आहे. आणि व्याप्ती ठरवणं हे न्यायाधीशाचं काम, असं मार्कमनपासून सांगितलं जातंय.

हे माझं एकट्याचं डोकं नाही. याच फेडरल सर्किटने २००८ मध्ये ओटू मायक्रो खटल्यात हेच म्हटलं होतं. तिथला शब्दप्रयोग होता ‘ओन्ली इफ’, म्हणजे ‘तरच’. खालच्या न्यायालयाने म्हटलं, इतक्या साध्या शब्दाला व्याख्या कशाला? वरच्या न्यायालयाने ते फेटाळलं : शब्द साधा असेल, पण त्याच्या व्याप्तीवर पक्षकार खरोखर भांडत असतील तर तो वाद न्यायालयानेच सोडवायचा, ज्युरीवर ढकलायचा नाही. ‘तरच’ला जर न्यायाधीश लागतो, तर ‘वेगळा’ला का नको?

शिवाय मोटोरोला निकालाने व्याख्येसाठी दिलेलं कारण आठवा. ‘वेगळं’ आलं ते ‘सर्व्हर’च्या अर्थातून आलं, क्लायंट-सर्व्हर नात्यातून. त्या कारणासकट व्याख्या वाचली तर ‘मेमरीत दुसऱ्या जागी’ हा अर्थ फार तोकडा पडतो. कारण तसं असेल तर जवळजवळ प्रत्येक शेअर्ड लायब्ररी सर्व्हर ठरेल, आणि १९९६ चा कुठलाही प्रोग्रॅमर या दोन गोष्टी एक समजला नसता. म्हणून पीठ ज्या अर्थावर पोचलं तो मला बरोबर वाटतो, रस्ता चुकीचा वाटतो. त्यांना बाहेरचा मजकूर लागायलाच नको होता, आपल्याच दोन वर्षांपूर्वीच्या निकालातली कारणं पुरेशी होती.

आता माझ्याविरुद्धचा मुद्दा, आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, असं करायला गेलं तर संपणार कुठे? आज ‘वेगळा’ची व्याख्या करा. उद्या ‘वेगळं चालणं’ यातल्या ‘चालणं’वर भांडतील. प्रत्येक व्याख्या शब्दांचीच असते, त्यामुळे कुठेतरी न्यायाधीशाने हात वर करून ज्युरीला ‘आता तुम्ही बघा’ म्हणावंच लागतं. बरोबर आहे. दुसरं, सॅमसंगने ज्युरीपुढे जाण्याआधी न्यायाधीश को यांच्याकडे ‘वेगळा म्हणजे वेगळा चालणारा, असं स्पष्ट सांगा’ असा आग्रह धरायला हवा होता. जो मुद्दा खाली मागितला नाही तो वर मिळत नाही. पूर्णपीठाचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. पण मग तसंच लिहायचं : ‘हा अर्थाचा प्रश्न आहे, पण सॅमसंगने तो वेळेत उचलला नाही म्हणून ती हरते.’ ही प्रक्रियेतली हार झाली. पूर्णपीठाने ती पुराव्यातली हार म्हणून मांडली. सॅमसंगच्या खिशाला दोन्ही सारखंच. तुम्हा-आम्हाला नाही, कारण पुढचा वाचक त्या निकालातून असं शिकतो की वही मेमरीत दुसरीकडे असली की ती खानावळ ठरू शकते. तसं न्यायालयाने ठरवलेलंच नाही! त्याने फक्त एवढंच ठरवलं की त्या ज्युरीला तसं वाटणं अवाजवी नव्हतं. शोधनिबंधात हे दोन्ही एकच समजून लिहिलेलं दिसलं की मी लाल पेन काढतो.

म्हणून काम करताना माझा क्रम असा असतो. निकाल हातात घेण्याआधी मी पेटंट काढतो, क्लेम वाचतो, आकृत्या बघतो आणि वादातल्या शब्दाचा मला वाटलेला अर्थ वहीत लिहून ठेवतो. २००५ च्या फिलिप्स निकालाने (तिथला शब्द ‘बॅफल’) जो क्रम घालून दिला तोच पाळतो : आधी क्लेमची भाषा, मग स्पेसिफिकेशन, मग पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, आणि शब्दकोश, तज्ज्ञ वगैरे शेवटी. मग निकाल. त्यात व्याख्या दिसली की तिच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद तिच्याबरोबरच उतरवतो, व्याख्या एकटी कधीच नाही. आणि समासात एक प्रश्न : या व्याख्येतला कोणता शब्द उद्या भांडणार? ६४७ च्या शोधकांपैकी बॉनी नार्डी या मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच तंत्रावर लेखही लिहिला होता. तो जरूर वाचा, काळाचा अंदाज येतो. पण शोधकाच्या मनात काय होतं याने क्लेमचा अर्थ ठरत नाही, लोकांसमोर आलेल्या कागदावरून ठरतो. संशोधनात ही चूक सहज होते.

त्याच मोटोरोला निकालात आणखी एक शब्द आहे, ‘ह्युरिस्टिक’. टचस्क्रीनचं पेटंट, ज्यात स्टीव्ह जॉब्स हे पहिले शोधक. बोट उभ्या रेषेच्या २७ अंशांच्या आत हललं तर पान सरळ खाली सरकवायचं, असा तो मामला. पॉस्नर म्हणाले, ‘ह्युरिस्टिक’ हा नुसता कामाचं वर्णन करणारा शब्द आहे, त्यात रचना नाही. फेडरल सर्किटने ते उलटवलं, प्रोस्ट असहमत. पण तो भाग उद्धृत करण्याआधी सावध : तो ज्या कडक गृहीतकावर उभा होता ते फेडरल सर्किटनेच पुढच्या वर्षी, जून २०१५ मध्ये, विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्समध्ये सोडून दिलं. एकाच निकालातला एक परिच्छेद टिकतो आणि शेजारचा पडतो, त्यामुळे ‘अ‍ॅपल विरुद्ध मोटोरोला २०१४’ एवढंच लिहून भागत नाही.

आपल्याकडे हे कसं? पेटंट कायदा १९७० चं कलम १० सांगतं की पूर्ण स्पेसिफिकेशनच्या शेवटी संरक्षणाची व्याप्ती ठरवणारा क्लेम हवा. ज्युरी मात्र नाही. अर्थ लावणारा आणि लागू करणारा एकच न्यायाधीश. त्यामुळे वर सांगितलेली रस्सीखेच आपल्या निकालांत उघड दिसत नाही, पण ती नसते असं नाही. रोश विरुद्ध सिप्लाचा दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा नोव्हेंबर २०१५ चा निकाल घ्या आणि न्यायालय शब्दाचा अर्थ लावून कुठे थांबलं, उत्पादन त्यात बसवायला कुठे सुरुवात केली, ती रेघ पेन्सिलने मारून बघा. चांगला व्यायाम आहे. (६४७ सारख्या क्लेमला आपल्याकडे त्याआधीच कलम ३(के) आडवं आलं असतं, तो वेगळा ताप.)

राहिला सॅमसंगचा शेवट. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ६ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. नकार देताना कारणं द्यावी लागत नाहीत, त्यामुळे तिथेही ‘वेगळा’वर एक ओळ लिहिली गेली नाही. पेटंट त्याआधीच संपलं होतं, १ फेब्रुवारी २०१६ ला, तीन न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल येण्याच्या २५ दिवस आधी.